वारणेची तार आणि राउटरची परीक्षा

नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची तयारी करणारी कितीतरी पोरं आज आपल्या कोल्हापुरात आहेत. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, सीसीएनए. सिस्को कंपनीनं ही परीक्षा १९९८ साली सुरू केली. त्याच साली कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात वारणानगरला, खेडी संगणकानं जोडायचं काम सुरू झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण आज आपण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघणार आहोत.

आधी परीक्षेकडं बघू. नेटवर्कचे सात थर मानतात. १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं ही मांडणी प्रसिद्ध केली. सगळ्यात खाली तार आणि वीज, सगळ्यात वर आपण वापरतो तो कार्यक्रम. बिघाड शोधायचा तर खालून वर चढत जायचं, हा पहिला धडा. घरचंच उदाहरण घ्या. वायफायचं चिन्ह दिसतंय, पण नेट चालत नाही. आपण काय करतो? राउटर बंद करून चालू करतो आणि देवाचं नाव घेतो! शिकलेला माणूस आधी दिवा बघतो, वायर घट्ट आहे का बघतो. मग संगणकाला मिळालेला पत्ता बघतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, संगणकानं आपला आपण लावून घेतलाय. पत्ता बरोबर असेल तर राउटरला हाक मारायची. राउटर ओ देतो पण बाहेरचं कुणी देत नाही, मग दोष बहुधा राउटरच्या पलीकडं. आकड्यांचा पत्ता चालतो पण नावानं साइट उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली. एकेक शक्यता खोडत जायचं, एवढीच ही विद्या. ती चांगलीच आहे.

आता वारणेला जाऊ. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेजं, हे सगळं आधीपासून होतं. म्हणून तर हे गाव निवडलं गेलं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं या प्रकल्पात धरली होती. खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं. संगणक बसले ते ५४ केंद्रांवर. शेतीसल्ला, बाजारभाव, जमिनीची कागदपत्रं, नोकरीची माहिती, सगळं गावात मिळणार असं ठरलं होतं.

प्रत्यक्षात काय चाललं? ऊस. लागणीची नोंद, खताची उचल, तोडणीची पाळी, काट्यावर भरलेलं वजन, बिलाची रक्कम. आणि ही बारकी गोष्ट नव्हे बरं. पूर्वी एवढ्यासाठी शेतकऱ्याला कामधाम सोडून वारणानगरला हेलपाटा पडायचा. तोड लांबली की उभा ऊस वाळतो, वजन घटतं, म्हणजे थेट खिशाला चाट. आपली नोंद झाली का आणि टनेज किती भरलं, हे गावातच कळणं ही त्या माणसाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती. पुढं कुणी कुणी लिहिलं की वारणेत इंटरनेट पोचलंच नाही, प्रकल्प फसला. आम्हाला हे अर्धं खरं वाटतं. इंटरनेट नव्हतं, पण निरोप जात होता.

तो जाताना मात्र खालच्याच थरांवर अडायचा. पुढं भारनियमनाचे दिवस आले. खेड्यातली टेलिफोनची लाइन तर आपल्याला ठाऊकच आहे. वळवाचा एक पाऊस झाला, एक वीज पडली की मोडेम गेला. आजची मुलं पॅकेट ट्रेसरवर सराव करतात. सिस्कोचंच सॉफ्टवेअर आहे, उत्तम आहे, पण त्यात पाऊस पडत नाही. वारणेच्या केंद्रावरच्या माणसाजवळ कसलं प्रमाणपत्र नव्हतं. लाइट गेली आणि समोर शेतकरी उभा असला, तर त्याला उत्तर द्यायचं काम मात्र त्याचंच. इतिहासात उद्घाटनं येतात, हा माणूस येत नाही.

मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्राचे लोक इथं आले. त्यांनी आधी तार तपासली नाही, तारेतून जातं काय ते तपासलं. तर काय, खातं नंबर आणि चार आकडे! एवढ्यासाठी संगणक, मोडेम, बॅटरी, दुरुस्तीचा खर्च कशाला? त्यांनी सात गावांत आठ महिने साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं. संगणकावर होत होतं ते सगळं झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ते जास्त आवडलं. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतली १६० अक्षरं बसतात, देवनागरीत पाठवायचं तर ७०. वजनाचा आकडा पाठवायला ७० सुद्धा पुष्कळ.

याचा अर्थ खालून वर चढायची पद्धत चुकीची, असा कुणी घेऊ नका. तुटलेली तार त्याच पद्धतीनं सापडते. पण ती पद्धत असं धरून चालते की जे आहे ते पुन्हा चालू करायचंय. ते असायलाच हवं का, हा प्रश्न त्या सात थरांत कुठं बसत नाही. नेटवर्कवाल्यांत एक जुना विनोद आहे, आठव्या थराचा. आठवा थर म्हणजे वापरणारा माणूस. दोष कुठंच सापडला नाही की त्याच्यावर ढकलायचा. वारणेत मात्र तो आठवा थर केंद्रावर येऊन रोज एकच गोष्ट विचारत होता, माझी तोड कधी?