पेशीच्या दरवाजापर्यंत

पवन मावळांत तिकोणा पेठेच्या माथ्यावर तिकोणा गड उभा आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत लोहगड व तुंग यांच्यासमवेत तो मोगलांच्या हवालीं झाला. अशा गडावर खलिता पोंचवावयाचा, तर जासूद वाटेंत पकडला जातां कामा नये आणि दरवाजावर त्याची ओळख पटली पाहिजे. हींच दोन संकटें आजच्या वैद्यकापुढें उभीं आहेत.

१९१० सालीं शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं एका रोग्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी नोंदविल्या. १९४९ मध्यें लायनस पॉलिंग यांनीं दोष हीमोग्लोबिनांत असल्याचें दाखविलें. १९५७ मध्यें व्हर्नन इंग्रॅम यांनीं तो एका अमिनो आम्लापर्यंत शोधून काढला. गडचिरोली व नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना हा सिकलसेल रोग पिढ्यान्‌पिढ्या छळीत आला आहे.

२०१२ मध्यें शार्पेंतिए व डाउडना यांनीं जनुकाचा हवा तो भाग कापणारी क्रिस्पर-पद्धति मांडली. २०२० चें रसायनशास्त्राचें नोबेल त्यांस लाभलें. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें सिकलसेलवरील तिचा पहिला उपचार मान्य केला. परंतु त्यांत रोग्याच्या मूळपेशी बाहेर काढून विजेच्या धक्क्यानें त्यांचीं दारें उघडावीं लागतात, आणि त्या परत घालण्यापूर्वीं तीव्र औषधांनीं मज्जा रिती करावी लागते. अमेरिकेंत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर ठरली. रोजंदारीवर जगणाऱ्यास असा उपाय असून नसल्यासारखाच!

म्हणून अवजारें थेट शरीरांत धाडण्याचा प्रयत्न चालला आहे. मिलिमीटरच्या सुमारें दहा-हजाराव्या भागाएवढा स्निग्ध कण हा येथील जासूद. रक्तांत तो अपोलायपोप्रोटीन-ई हें प्रथिन अंगावर घेतो. तीच यकृताच्या पेशींस त्याची ओळख पटते. आंत आम्लता लागतांच कणावर धनविद्युत् भार येतो, कोंडी फुटते व माल मोकळा होतो. २०२१ मध्यें सहा रोग्यांच्या रक्तांत या युक्तीनें दोषी प्रथिन घटल्याचें प्रसिद्ध झालें. मज्जा मात्र दुर्गम. २०२३ मध्यें फिलाडेल्फियाच्या संशोधकांनीं कणावर मज्जेच्या मूळपेशी ओळखणारीं प्रतिपिंडें जोडून उंदरांत ती वाट काढली.

पुणेंही यांत मागें नाहीं. जिनोव्हा कंपनीच्या एम-आरएनए लशीस जून २०२२ मध्यें परवानगी मिळाली. ती स्निग्ध कणांवरच आरूढ होती. नोव्हेंबर २०२५ मध्यें दिल्लीच्या संशोधकांचा 'बिरसा १०१' हा सिकलसेलवरील क्रिस्पर-उपचार सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यांत आला. खलिता लिहून झाला आहे. तो गरिबाच्या मज्जेपर्यंत सुखरूप नेणारा जासूद सिद्ध होणें, हेंच कार्य उरलें आहे.