अण्वस्त्रप्रसारबंदी करार

अण्वस्त्रे आणखी देशांच्या हाती जाऊ नयेत म्हणून अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या पुढाकाराने झालेला आंतरराष्ट्रीय करार. १ जुलै १९६८ रोजी वॉशिंग्टन, मॉस्को व लंडन येथे तो सह्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० रोजी अंमलात आला.

आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री फ्रँक एकेन यांनी लावून धरलेला प्रसारबंदीचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६१ मध्ये एकमताने संमत केला. पुढच्या वर्षी जिनीव्हात अठरा राष्ट्रांची निःशस्त्रीकरण समिती कामाला लागली. फ्रान्स सदस्य असूनही तिकडे फिरकला नाही. चार वर्षे बोलणी अडली ती पश्चिम जर्मनीवरून. नाटोच्या संयुक्त अण्वस्त्रदलात जर्मनांना वाटा देण्याचा अमेरिकेचा विचार होता. महायुद्धात दोन कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या सोव्हिएत संघाला हे मान्य होणे शक्यच नव्हते. १९६४ च्या ऑक्टोबरात चीनने अणुस्फोट केला, तेव्हा दोघांनाही घाई झाली. १९६६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रेई ग्रोमिको यांच्या बोलण्यांतून वाट निघाली : अमेरिकेने संयुक्त दलाचा नाद सोडला, तर युरोपात अमेरिकेच्याच ताब्यात असलेल्या अण्वस्त्रांचा प्रश्न मॉस्कोने ताणला नाही.

२४ ऑगस्ट १९६७ रोजी दोन्ही महासत्तांनी समितीपुढे वेगवेगळे, पण शब्दशः सारखे मसुदे ठेवले. दोन्हींत तिसऱ्या कलमाची जागा कोरी होती. अणुभट्ट्यांची तपासणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने करायची की पश्चिम युरोपच्या ‘युरॅटम’ने, हा वाद मिटला नव्हता. सदस्य देशांनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी एकेकट्याने किंवा गटाने करार करावा, या तोडग्यावर जानेवारी १९६८ मध्ये ते कलम भरले गेले.

बाकीच्या देशांच्या पदरात मात्र फारसे पडले नाही. १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेली पाच राष्ट्रे तेवढी अण्वस्त्रधारी ठरली. त्यांनी निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी कराव्यात असे सहावे कलम सांगते, पण त्याला मुदत नाही. कराराचा खरा दुबळेपणा इथेच आहे. जिनीव्हात भारताचे प्रतिनिधी व्ही. सी. त्रिवेदी यांनी नेमक्या याच असमतोलावर बोट ठेवले होते. १९६७ मध्ये भारताच्या पंतप्रधानांचे सचिव एल. के. झा संरक्षणाच्या हमीसाठी मॉस्को आणि वॉशिंग्टनला जाऊन आले. भरवसा ठेवावा असे काही मिळाले नाही. जून १९६८ मध्ये आमसभेत ९५ विरुद्ध ४ मतांनी मसुद्याला पाठिंबा मिळाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि त्याने पुढेही सही केली नाही.

तरीही करार निष्फळ म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेने स्वतःची अण्वस्त्रे मोडीत काढून १९९१ मध्ये त्यावर सही केली. फ्रान्स व चीन १९९२ मध्ये आले. १९९५ मध्ये करार बेमुदत वाढवण्यात आला. उत्तर कोरियाने मात्र २००३ मध्ये माघार जाहीर केली. २०१५ आणि २०२२ च्या आढावा परिषदा सर्वमान्य निवेदनाविना संपल्या.