इन्क्रिमेंटपुरतं अर्थशास्त्र

बँकेत नोकरी लागून वर्ष होत नाही तोच कुणीतरी विचारायचंच, "पार्ट वनचा फॉर्म भरला का?" कशाचा पार्ट वन, हे सांगावं लागत नसे. सीएआयआयबी, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची परीक्षा. क्लार्कला पहिल्या भागाची एक इन्क्रिमेंट आणि दुसऱ्याच्या दोन. पंचविशीत पदरात पडलेली इन्क्रिमेंट साठीपर्यंत दर महिन्याला येते, तिच्यावर डीए चढतो, पीएफ कापला जातो, पेन्शनही फुगतं. एवढा हिशेब डोक्यात पक्का बसला की रात्री दहानंतर मागणी-पुरवठ्याचे आलेख काढायला वेगळी प्रेरणा लागत नाही. ज्ञानासाठी शिकलो असं आमच्यातलं कुणी म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

ही रीत मूळची विलायती. स्कॉटलंडमध्ये 1875 साली आणि लंडनमध्ये 1879 साली बँकर्सच्या संस्था निघाल्या. दिवसा नोकरी आणि रात्री आपापला अभ्यास, संस्था फक्त परीक्षा घेणार, असा मामला. लंडन विद्यापीठाने तर 1858 पासूनच कॉलेजात पाऊल न टाकणाऱ्यांना परीक्षेला बसू दिलं होतं, म्हणजे वाट मळलेली होती. सेंट्रल बँक काढणारे सोराबजी पोचखानवाला लंडनच्या त्याच बँकर्सच्या परीक्षेतून तयार झालेले. त्यांची बँक 1911 ची. पुढच्या दोनच वर्षांत मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यापायी बुडाली आणि लाहोरची पीपल्स बँकही गेली. त्या पडझडीनंतर बँक चालवायला नुसती पत आणि ओळख पुरत नाही, हे शहाण्यांना उमगलं असावं. 30 एप्रिल 1928 ला मुंबईत आपली इन्स्टिट्यूट स्थापन झाली. 'दूरशिक्षण' हा शब्द कुणाच्या तोंडी यायच्या कितीतरी आधीपासून ही संस्था आपला विद्यार्थी डोळ्यांनीही न बघता त्याला पास किंवा नापास करत होती.

पहिली चाळीसेक वर्षं हा शहरी मामला होता. 19 जुलै 1969 ला चौदा बँका सरकारी झाल्या तेव्हा सगळ्या देशात बँकांच्या 8,262 शाखा होत्या. त्यानंतर शाखा गावोगाव निघाल्या आणि त्यांच्याबरोबर परीक्षाही खेड्यात पोचली. मी रिक्रूटमेंट बोर्डाची परीक्षा देऊन लागले ती मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका शाखेत. मारुतीच्या देवळामागं दोन खोल्या, एक तिजोरी, पाच माणसं. सोलापुराहून जाऊन-येऊन करायचे. तेव्हा सोलापूर शिवाजी विद्यापीठाखाली होतं आणि बी.कॉम. मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून करत होते. क्लार्कच्या पदवीलाही इन्क्रिमेंट होती, तेव्हा तीही कशाला सोडा?

पुस्तकं बहुधा वारशानं मिळत. बँकिंगला टॅननचं पुस्तक, अर्थशास्त्राला देवेट, भारतीय अर्थव्यवस्थेला दत्त-सुंदरम, आकडेशास्त्राला एस. पी. गुप्तांचा जाडजूड ठोकळा. बदली होऊन गेलेल्याचं पुस्तक राहिलेल्याकडे यायचं, त्याच्या खुणांसकट. माझ्या देवेटमध्ये तीन शायांच्या खुणा होत्या. त्यातला हिरव्या शाईवाला बहुधा पास झाला असावा, कारण त्याच्या खुणा शेवटच्या प्रकरणापर्यंत होत्या. निळ्यानं मक्तेदारीतच मान टाकलेली. शिवाय पोस्टानं मागवायच्या नोट्स होत्या, सायक्लोस्टाईल केलेल्या. पानाच्या खालच्या दोन ओळी हमखास पुसट यायच्या आणि सूत्र नेमकं तिथंच असायचं.

शाखेतल्या पुरुषांना साहेब 'अभ्यास करा' म्हणून टोकायचे. मला मात्र म्हणाले, "तुम्हाला कशाला हो मॅडम? ऑफिसर झालात तर बदली घ्यावी लागेल." काळजीच होती ती, पण मी फॉर्म भरला.

पुस्तकातलं अर्थशास्त्र मला कळलं ते सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात. एकात्मिक ग्रामीण विकास योजना 2 ऑक्टोबर 1980 पासून देशातल्या सगळ्या तालुक्यांना लागू झाली होती. आमच्याकडे ती म्हणजे मुख्यतः म्हशी. अल्पभूधारकाला पंचवीस टक्के सबसिडी, अत्यल्पभूधारक आणि शेतमजुराला तेहेतीस, अनुसूचित जाती-जमातींना पन्नास. उरलेलं बँकेचं कर्ज. म्हशीची किंमत, म्हणजे युनिट कॉस्ट, वर कुठंतरी ठरून आलेली. मार्च जवळ आला की ब्लॉकचे टार्गेट, बँकेचे टार्गेट आणि लाभार्थ्यांच्या याद्या एकाच बाजाराला येऊन थडकायच्या. खरेदी कमिटीत बँकेचा एक माणूस, पशुवैद्य, पंचायत समितीचा माणूस. आमची जीप लांबून दिसली की दलाल उठून बसायचे. गेल्या बाजारी ज्या भावाला पंढरपुरी म्हैस मिळत होती, त्या भावाला आता तिच्या शेपटीला हात लावू देईनात. म्हशी काही मार्चसाठी जादा वितात असं नाही. पुरवठा तेवढाच, मागणी एकदम दुप्पट-तिप्पट. देवेटमध्ये हीच गोष्ट दोन तिरप्या रेषांत काढलेली होती आणि तोवर मी ती नुसती पाठ करत होते. युनिट कॉस्ट मात्र जागची हलत नव्हती. मग दाखल्यावर दुभती म्हैस आणि दाव्याला भाकड, असले प्रकार व्हायचे. विम्याचा बिल्ला कानात ठोकताना पशुवैद्य तिच्या तोंडाकडे बघायचा नाही, इतकंच सांगते.

आकडेशास्त्र आलं ते बीएसआरमधून. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 1972 पासून ही विवरणपत्रं सुरू केली. ठरावीक मर्यादेवरच्या प्रत्येक कर्जखात्याची एक ओळ भरायची: जिल्हा, खात्याचा प्रकार, धंद्याचा कोड, व्याजदर, मर्यादा, येणे बाकी. ही मर्यादा सुरुवातीला 10,000 रुपये होती, पुढं 25,000 झाली आणि 1999 मध्ये 2 लाख. त्याखालची खाती गठ्ठ्यानं. देशात कुठल्या धंद्याला किती कर्ज गेलं, याची जी तक्ते भरलेली पुस्तकं रिझर्व्ह बँक छापते, त्यांचा उगम अशा शाखांतल्या टेबलांवर. कोडांचं पुस्तक जाड आणि संध्याकाळी एसटी ठरलेली. एका सहकाऱ्याचा सगळा भर 'किरकोळ व्यापार' या कोडावर असायचा. पिठाची गिरणी असो, टेलर असो की सायकल दुरुस्ती, सगळे किरकोळ व्यापारी. संकलित आकडे वाचताना मी आजही थोडी अविश्वासानं वाचते, ती त्यांच्यामुळं. गुप्तांच्या पुस्तकात प्राथमिक आकडेवारीतल्या चुकांवर पानं होती. ती मला वाचावीच लागली नाहीत.

पण निर्देशांक हा विषय बँकवाल्यांना कुणी शिकवू नये. आमचा डीए औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला. 1960 ला 100 धरून काढलेल्या त्या मालिकेत देशातली पन्नास केंद्रं होती आणि त्यात गिरण्यांमुळं सोलापूरही होतं. म्हणजे आमच्या पेठेतल्या ज्वारीचा भाव शिमल्याच्या लेबर ब्युरोत जाऊन माझ्या पगारात परत यायचा. 1987 च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या करारात क्लार्कला 600 च्या वरच्या दर 4 अंकांना पगाराच्या 0.67 टक्के डीए ठरला. हे 0.67 कुठून आलं? 600 चे 0.67 टक्के म्हणजे 4. पुढच्या करारात पाया 1148 झाला, तेव्हा दर 0.35 वर आला. 1684 झाला, तेव्हा 0.24 वर. "टक्का कमी करून फसवलं," असं ओरडणारे प्रत्येक वेळी निघायचे आणि प्रत्येक वेळी कुणीतरी चहाच्या कपाशेजारी भागाकार मांडून दाखवायचं. पायाचं वर्ष बदललं तरी आमची गाडी जुन्याच रुळांवर. 1982 ची मालिका आली तेव्हा 4.93 नं गुणायचं, 2001 ची आली तेव्हा आणखी 4.63 नं. मालिका जोडण्यावर परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न आला तर बी.कॉम.ची नियमित मुलं घाबरायची. आमचा दफ्तरी जेमतेम दहावी शिकलेला, पण ते गणित तो तोंडी करायचा.

पेपर रविवारी असायचे. केंद्रावर केस पिकलेले हेड कॅशियर आणि मिसरूड न फुटलेली पोरं एकाच बाकावर. आपल्याच शाखेतल्या ज्युनिअरच्या मागं नंबर आला की साहेबमंडळी पेपर संपेपर्यंत मान वर करत नसत. दीर्घोत्तरी प्रश्न जाऊन पुढं पर्याय निवडायचे आले, मग संगणक आला. 2003 मध्ये संस्थेचं नावही बदललं, 'बँकिंग अँड फायनान्स' झालं. 2023 पासून सीएआयआयबीच्या एका पेपरचा पहिला भागच आकडेशास्त्राचा आहे: नमुना निवड, सहसंबंध, कालश्रेणी, संभाव्यता. माझी भाची सध्या त्यात बुडालेली आहे. तिच्याकडे व्हिडिओ आहेत, मोबाईलवर सराव चाचण्या आहेत, पुसट पान एकही नाही. तिची कर्जं सिस्टीममध्ये आपोआप वर्गवारी होऊन जातात आणि म्हशीच्या बाजाराला ती कधी गेलेली नाही. सहसंबंधाचं सूत्र तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. कुठला आकडा कुणी, किती वाजता, कुठली एसटी गाठायच्या घाईत भरला असेल, हे मात्र सूत्रात बसत नाही. तिला ते सांगितलं तर म्हणते, "मावशी, हे सिलॅबसमध्ये नाही."

आम्ही निवृत्त मंडळी अजून हिशेब करतो. निर्देशांक आता 2016 च्या पायावर आहे, त्याला 2.88 चा गुणक लागला. म्हणजे 1960 पर्यंत मागं जायला एकूण 65.74 नं गुणायचं. महिनाअखेरीला लेबर ब्युरोचा आकडा लागला की पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात किती स्लॅब वाढले ते येतं, दशांश चिन्हापुढच्या घरांसकट. मग वाद सुरू होतो, कोण कोणत्या करारात निवृत्त झाला आणि कुणाला किती मिळणार यावर, आणि तो दुपारच्या झोपेपर्यंत चालतो.