जुन्या घराची वायरिंग: कायद्याने बदलावीच लागते का?

भिवंडी, मालेगाव किंवा मुंबईच्या भेंडी बाजारासारख्या जुन्या वस्त्यांत आजही लाकडी पट्टीवरच्या वायरी, चिनी मातीचे फ्यूज आणि दोन पिनांचे सॉकेट दिसतात. नियम नवे आले, मग हे सगळं उखडायचं का, असा सवाल घरमालक आणि भाडेकरू दोघेही करतात. म्हणून नियम काय सांगतात, ते आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा नियम जाऊन २०२३ मध्ये नवे आले. घरातली वायरिंग कशी असावी, हे भारतीय मानक ७३२ सांगतं. मानक बदललं एवढ्याच कारणाने प्रत्येक जुनं घर नव्याने वायर करा, असा सरसकट हुकूम नाही.

पण दोन गोष्टी टळत नाहीत. एक, नवा पॉइंट किंवा एसीची लाइन टाकली, तर ते काम आजच्या नियमांप्रमाणे आणि परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हायला हवं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याला यातून सूट आहे. दुसरं, मीटरच्या पुढची वायरिंग सुरक्षित ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी. 'जुनी आहे' ही सबब तिथे चालत नाही.

एमसीबी बसवला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो, माणसाला नाही. सहा किंवा सोळा अँपिअरवर चालणाऱ्या एमसीबीला शॉक लागल्याचं कळतही नाही. माणसाचा जीव मात्र त्याच्या अगदी लहानशा अंशात जाऊ शकतो. शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा.

जुन्या घरात आरसीसीबी लावला की तो वारंवार पडतो. मग वैतागून तो काढतात आणि लाइन डायरेक्ट जोडतात. खरा धोका इथेच आहे. बटण पडतंय म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी करंट गळतोय. ती जागा शोधायला हवी.

पैसे कमी असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या, मग आरसीसीबी, त्यानंतर मोरी आणि स्वयंपाकघराची लाइन बदला. बाकीचं घर टप्प्याटप्प्याने करता येतं. भाड्याच्या खोलीत खर्च कोणी करायचा, हे कामाआधीच लेखी ठरवा. त्या वादात काम मात्र लांबू देऊ नका.