हात घालण्यापूर्वी : काढत्या-घालत्या डिस्कचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाविषयी लिहिताना आपण बहुधा वेग आणि क्षमता यांविषयी लिहितो. माझ्या कुतूहलाचा विषय जरा दुय्यम आहे : यंत्रात माणसाने हात घालायचा कधी आणि कसा? सर्व्हरमधली डिस्क काढून दुसरी बसवणे हे आज दोन मिनिटांचे काम वाटते. ते निर्धोक व्हायला काही दशके लागली. त्या काळातल्या यंत्रांची रचना पाहताना माझे मत असे बनत गेले की, सावधगिरी हळूहळू माणसाच्या हातातून यंत्राच्या घडणीत उतरत गेली. सगळी मात्र उतरली नाही.

आयबीएमच्या १९५६ सालच्या रॅमॅकमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, सगळ्या कायमच्या बसवलेल्या. १९६२ मध्ये आलेल्या १३११ या ड्राइव्हने हा हिशेबच बदलला. १४ इंची सहा तबकड्यांची एक चवड, वजन सुमारे साडेचार किलो, क्षमता २० लाख अक्षरे. केकच्या डब्यासारखी ती हातात घेऊन चालता येई. खालचे झाकण काढायचे, चवड कण्यावर ठेवायची, वरच्या झाकणाची मूठ फिरवून ती आवळायची, मग झाकण उचलायचे. काढताना उलटा क्रम. मूठ झाकणालाच असल्यामुळे चवड उघडी नेण्याची वाट मुळातच बंद होती. मला ही मूठ फार महत्त्वाची वाटते. ‘झाकण लावा’ अशी पाटी लावण्याऐवजी झाकणाविना काम अडेल अशी सोय कुणीतरी केली होती.

पण धोका आत होता. हेड तबकडीला टेकत नसे. तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगे. अंतर काही मायक्रॉनचे, माणसाच्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश. धुळीचा कण मध्ये आला की हेड आपटे आणि चुंबकीय लेप खरवडला जाई. इथवर नुकसान एका चवडीचे. पुढचे माणूस करी. चवड वाचली जात नाही, तर दोष तिचा की ड्राइव्हचा, हे पाहायला ऑपरेटर ती शेजारच्या ड्राइव्हमध्ये घाली. खरवडलेली तबकडी तिथले धडधाकट हेड बिघडवी. मग पहिल्या ड्राइव्हची परीक्षा घ्यायला त्यात चांगली चवड बसवली जाई, आणि तिथले जखमी हेड तिलाही खरवडे. ही ‘चांगली चवड’ त्याच माहितीची राखीव प्रत असली, म्हणजे मग संपलेच. तपासणीतूनच रोग पसरत होता.

१९७३ च्या ३३४० ड्राइव्हने हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात घातल्या. चवडीबरोबर तिचे हेडही बाहेर निघे, त्यामुळे परक्या तबकडीशी त्याची गाठच पडेना. ‘विंचेस्टर’ हे त्याचे टोपणनाव बंदुकीवरून आले.

दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा. प्रणाली प्रत्येक बदल तत्काळ डिस्कवर लिहीत नाही, काही स्मृतीत राखून ठेवते. मध्येच डिस्क काढली तर हिशेब अर्धा राहतो. म्हणून बेल लॅब्जच्या १९७१ च्या युनिक्समध्येच जोडण्यासाठी ‘माउंट’ आणि सोडवण्यासाठी ‘युमाउंट’ या आज्ञा होत्या. (दुसऱ्या आज्ञेतला एक ‘एन’ तेव्हा गळाला, तो आजतागायत परतलेला नाही.)

१९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कझी पद्धतीत सर्व्हरच्या एकाच केबलवर डिस्क, टेप, सीडी असे अनेक ड्राइव्ह जोडता येत. प्रत्येकाला ० ते ७ पैकी वेगळा क्रमांक, केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर. नवा टेप ड्राइव्ह आत बसवायचा तर सर्व्हर बंद करायचा, विजेची वायर काढायची (वीजपुरवठे दोन असतील तर दोन्ही), मग झाकण उघडायचे. दिवसरात्र चालणाऱ्या कामाला हे परवडणारे नव्हते.

चालू सर्व्हरमध्ये डिस्क सरकवण्यातली अडचण अशी की, तिच्यावरचे रिकामे कपॅसिटर जोडताक्षणी भसकन प्रवाह ओढतात आणि शेजारच्या चालत्या डिस्कचा व्होल्टेज खाली येतो. उत्तर संपर्कांच्या लांबीत सापडले. सॅटाच्या १५ संपर्कांच्या वीजजोडणीत काही ग्राउंड संपर्क सर्वांत आधी भिडतात, मग कपॅसिटर सावकाश भरू देणारे, शेवटी मुख्य पुरवठ्याचे. सरकवणारा कितीही घाईत असला तरी त्याच्याकडून हा क्रम चुकत नाही. १९६२ च्या मुठीचीच ही पुढची पिढी.

हातात उरले ते दोन गोष्टींपुरते. एक, स्थिर वीज. पुण्याच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना जी चटचट होते, ती जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. नाजूक सर्किट त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला, आपल्याला कळूही न देता, मरते. म्हणून मनगटपट्टा. त्यात दहा लाख ओहमचा रोध असतो, तो सर्किटसाठी नव्हे, पट्टा घालणाऱ्याच्या जिवासाठी.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याची ‘रेड’ पद्धत मांडली. तिच्या पाचव्या प्रकारात एक डिस्क गेली तरी माहिती वाचते. दुसरी गेली की नाही. बिघडलेली असते तिसरी, आणि हात जातो चौथीकडे. संपर्क आपला क्रम चोख पाळतात, निरोगी डिस्क अलगद बाहेर येते, आणि सगळा साठा कोसळतो. यावर खाचेपाशी ओळखीचा दिवा आला. जुने तंत्रज्ञ तेवढ्यावर विसंबत नाहीत. खाचेचा क्रमांक आधी करून ठेवलेल्या नोंदीशी ताडतात, सोबत्याकडून तो मोठ्याने वाचून घेतात, आणि मग खटका दाबतात.