मागचं आधी, पुढचं नंतर



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर आला तो दहावीच्या वर्गातला फळा. वर्ष १९८४-८५, तास भौतिकशास्त्राचा, विषय विद्युत चलित्र. सर पुस्तक न बघता आकृती काढत होते. आधी त्यांनी कुंतलाची मागची बाजू काढली, मग दोन्ही चुंबकध्रुव, मग कुंतलाची पुढची बाजू आणि शेवटी अर्धकडी व ब्रश. तार जिथे ध्रुवाच्या मागे जात होती तिथली रेष त्यांनी ओल्या बोटानं पुसली. आम्ही मात्र वहीत पुढचा ध्रुव आधी काढून बसलो होतो आणि मागची तार कुठून न्यावी ते कळत नव्हतं. सर म्हणाले, "मागचं आधी, पुढचं नंतर. आणि मागे काय आहे ते माहीत नसेल तर खडू हातात घेऊ नका."

पुढे मी भौतिकशास्त्र शिकवण्यातच आयुष्य घालवलं. गेली काही वर्षं मी आकृत्या हातानं काढत नाही. कॉम्प्युटरला शब्दांत आणि आकड्यांत आज्ञा लिहून देतो आणि मजकूर जुळवणारा प्रोग्रॅमच त्या पानावर उमटवतो. या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगावा म्हणून हा लेख. त्यात माझी एक जुनी चूकही आहे. ती आपल्याच माणसांसमोर सांगितलेली बरी.

कागदाला लांबी आणि रुंदी असते. भौतिकशास्त्र मात्र तिसऱ्या दिशेशिवाय चालत नाही. विद्युतधारा एकीकडे, चुंबकीय क्षेत्र तिच्याशी काटकोनात आणि बल त्या दोन्हींशी काटकोनात. ही तिसरी दिशा सपाट कागदावर कशी दाखवायची, हा प्रश्न जुना आहे. केंब्रिजमधले प्राध्यापक विल्यम फॅरिश वर्गात यंत्रांच्या प्रतिकृती दाखवत. त्या सुट्या भागांतून जोडाव्या लागत आणि जोडणाऱ्या मदतनिसाला आकृतीवरून सगळं कळावं लागे. त्यासाठी त्यांनी वापरलेली रीत १८२२ साली निबंधातून मांडली. तिच्यात तिन्ही अक्षांमध्ये कागदावर १२० अंशांचे कोन असतात आणि तिन्ही दिशांची मापं एकाच प्रमाणात घेतात. इंजिनिअरिंगला गेलेल्या मित्रांना ड्रॉइंग बोर्डावरचं ते 'आयसोमेट्रिक' आठवत असेल. सर फळ्यावर दुसरी रीत वापरायचे. समोरची बाजू जशीच्या तशी, आणि खोलीची दिशा ४५ अंशांत तिरपी, अर्ध्या मापानं.

रीत कोणतीही असो, छापायची वेळ आली की आकृती लेखकाच्या हातातून जायची. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'च्या १६८७ च्या पहिल्या आवृत्तीतल्या आकृत्या लाकडी ठशांतून छापल्या आहेत. पुढे जस्ताचे ब्लॉक आले, मग ऑफसेटच्या फिल्म आल्या. साखळी तीच राहिली. लेखक कच्ची आकृती काढणार, ड्राफ्ट्समन ती ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवणार, प्रेस छापणार. ज्याला विषय समजतो त्याचा हात पक्का नसतो आणि ज्याचा हात पक्का असतो त्याला विषय माहीत असायचं कारण नसतं.

१९९७ साली मी विद्यार्थ्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम होता. तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे: तर्जनी क्षेत्राची, मधलं बोट धारेचं, अंगठा बलाचा. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीच बसवला. माझी हाताची आकृती ट्रेसिंगवर उतरवताना कागद उलटा धरला गेला आणि डाव्या हाताचा उजवा हात झाला. बोटांची नावं नंतर वेगळी चिकटवली होती, त्यामुळे अक्षरं सुलट होती आणि कुणालाच संशय आला नाही. वर शीर्षक 'डाव्या हाताचा नियम', खाली उजवा हात. त्या चित्राप्रमाणे हात धरला तर बलाची दिशा बरोबर उलटी येते. पहिली आवृत्ती विकून संपली.

पुस्तकाची एक प्रत मी सरांना पाठवली होती. त्यांचं पोस्टकार्ड आलं. पुस्तकाचं कौतुक होतं आणि खाली एक ओळ होती: अमुक पानावर हात बदलला आहे, पाहावे. मी ताबडतोब उत्तर धाडलं की चूक प्रेसची आहे. त्यावर दुसरं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं: "प्रूफ कोणी वाचले?" त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही.

वाईट प्रुफांमुळेच या इतिहासाला वळण मिळालं होतं, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ साली निघायची होती. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली, देखणी होती. आता फोटोच्या पद्धतीनं जुळणी होऊ लागली होती आणि आलेली प्रुफं त्यांना बघवेनात. पण त्यांनी नुसतं प्रेसला पत्र लिहिलं नाही. पुस्तकं जुळवणारा प्रोग्रॅम स्वतः लिहायला घेतला. त्याचं नाव 'टेक'. थोड्या काळात उरकेल असं वाटलेलं ते काम सुमारे दहा वर्षं चाललं. पुढे त्याच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीनिशी 'पाय'च्या जवळ जावा असं त्यांनी ठरवलं: ३.१, ३.१४, ३.१४१ असा. चूक शोधून देणाऱ्याला ते पैशांचा चेक पाठवत. चूक आपली म्हणायची आणि वर शोधणाऱ्याचे आभार मानायचे, हे वाचताना मला सरांचं दुसरं कार्ड आठवलं.

टेक गणिताची सूत्रं सुरेख जुळवत असे, पण चित्रांसाठी तो नव्हता. १९८०च्या दशकात लेस्ली लँपोर्ट यांनी त्यावर 'लाटेक' उभारला आणि त्यात साध्या आकृत्यांची सोय केली. या आकृत्यांच्या तिरप्या रेषा म्हणजे फॉन्टमधल्या छोट्या तुकड्यांची माळ असे. त्यामुळे रेषेचा चढ ठरावीक पूर्णांकांतच देता येई, तोही सहापर्यंतच्या. आयसोमेट्रिकला लागते ३० अंशांची रेष आणि तिच्या चढात तीनचं वर्गमूळ येतं. दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरानं ते कधीच नेमकं जमत नाही. ५ आडव्याला ३ उभे घेतले तर जवळजवळ ३१ अंश मिळतात. शिवाय तिरपं पाहिलं की वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं आणि लंबवर्तुळासाठी सरळ आज्ञाच नव्हती. थोडक्यात, फॅरिशची आकृती या साधनानं नीट निघत नव्हती.

वाट मोकळी केली ती १९८४ साली आलेल्या 'पोस्टस्क्रिप्ट' या भाषेनं. पानावरची कोणतीही रेष, कोणताही वक्र तिच्यात आकड्यांनी सांगता येऊ लागला. कनूथ यांचे विद्यार्थी जॉन हॉबी यांनी 'मेटापोस्ट' केला, तर टिमोथी व्हॅन झांट यांनी 'पीएसट्रिक्स'. नंतर जर्मनीतले टिल टांटाऊ यांनी 'टिक्झ' केला. हे नाव एका जर्मन वाक्याच्या आद्याक्षरांवरून आलं आहे आणि त्याचा अर्थ 'टिक्झ हा चित्र काढण्याचा प्रोग्रॅम नव्हे' असा आहे. खरंच आहे ते. माउस धरून इथे काही रेखाटायचं नसतं. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेष, असं लिहायचं.

बिंदूला तीन आकडे दिले की टिक्झ त्याची कागदावरची जागा ठरवतो. हिशोब सातवीतल्या मुलालाही कळेल असा आहे. पहिला आकडा उजवीकडे नेतो, दुसरा वर. तिसरा आपल्याकडे येणारा. त्याच्या दर एककाला, वेगळं सांगितलं नसेल तर, बिंदू ३.८५ मिलिमीटर डावीकडे आणि तितकाच खाली सरकतो. कर्ण काढा, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे १ सेंटिमीटर खोलीला कागदावर अर्ध्याहून जरा जास्त लांबी, ४५ अंशांत. हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी खुर्चीतच हसलो. सरांच्या फळ्यावरची रीत होती ती!

खरी गंमत पुढे आहे. टिक्झला मागचं-पुढचं कळत नाही. तिसरा आकडा वापरून तो जागा ठरवतो आणि खोली विसरून जातो. ज्या क्रमानं आज्ञा लिहाल त्या क्रमानं एकावर एक चित्र चढवत जातो. नालकुंतल काढायचं असेल तर आधी सगळ्या वेढ्यांचे मागचे अर्धे भाग लिहायचे, मग मधला लोखंडी गाभा, मग पुढचे अर्धे भाग. क्रम चुकला की तार लोखंडाच्या आरपार गेल्यासारखी दिसते. एका तारेवरून दुसरी जाताना खालची तुटलेली दिसायला हवी. त्यासाठी वरच्या तारेखाली आधी एक जाड पांढरी रेष ओढायची आणि तिच्यावर बारीक काळी. ती पांढरी रेष म्हणजे सरांचं ओलं बोट.

मागे काय लपतं याचा हिशोब स्वतः करणारी साधनंही झाली. यूजीन रेसलर यांचा 'स्केच' हा प्रोग्रॅम वस्तूंचे पृष्ठभाग मागून पुढे असे लावून घेतो आणि टिक्झच्या किंवा पीएसट्रिक्सच्या आज्ञा लिहून देतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २००४ पासून वाढलेल्या 'असिम्प्टोट'नं हॉबी यांची वक्र काढायची रीत तीन मितींत नेली. त्यात काढलेली वस्तू कोणत्याही बाजूनं फिरवून पाहता येते.

मग अशी साधनं असताना मी क्रम हातानं का लिहीत बसतो? कारण शिकवायची आकृती म्हणजे फोटो नव्हे. कुंतलाचा कोणता भाग झाकला तर चालेल आणि कोणता काहीही झालं तरी दिसला पाहिजे, हे शिकवणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

आकृतीतली नावं मराठीत हवीत, हीसुद्धा आपली गरज. नेदरलँड्समधले फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१च्या सुमारास टेकसाठी देवनागरी तयार केली, पण मजकूर रोमन अक्षरांत लिहून बदलून घ्यावा लागे. जोनाथन क्यू यांचा 'झीटेक' २००४ साली आला आणि युनिकोडमधली देवनागरी सरळ लिहिता येऊ लागली. आता बाणाच्या टोकाशी 'बल' लिहिलं की 'बल'च उमटतं आणि आकृती फिरवली तरी शब्द आपल्या जागी सरळ उभा राहतो.

पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, २००९ साली, मी सगळ्या आकृत्या कोडमध्ये स्वतः केल्या. आता मध्ये ट्रेसिंग नव्हतं, प्रेसचा हात नव्हता. चलित्राची आकृती करताना खोलीची दिशा डावीकडे-खाली ऐवजी उजवीकडे-वर दिली तर बरी दिसेल असं वाटलं. दोन चिन्हं बदलली. आकृती देखणी झाली. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्या दोन चिन्हांनी सगळी चौकटच आरशातली झाली होती. उजव्या हाताचे अक्ष डाव्या हाताचे झाले होते आणि बलाचा बाण पुन्हा उलटा होता. कॉम्प्युटरनं तक्रार केली नाही. ट्रेसिंग पेपरनं तरी कुठे केली होती?

या वेळी दोष द्यायला प्रेस नव्हती. साधन बदललं म्हणून चूक थांबत नाही, पण ती कोणाची हे लपवता येत नाही. आकृती समजणारं डोकं आणि ती काढणारा हात पुन्हा एका माणसाकडे आले, हे या इतिहासाचं मोठं देणं मी मानतो. आपल्या सरांकडे ते दोन्ही पहिल्यापासून होतं, खडूच्या एका तुकड्यानिशी.

मेळाव्याला सर येणार आहेत असं कळलं. त्यांच्यासाठी मी एक पान छापून आणतो आहे. डावा हात, तीन बोटं, तीन नावं. तपासून घेतलं आहे, आरशासमोर हात धरूनसुद्धा. आणि त्या पोस्टकार्डाचं राहिलेलं उत्तर इथे सगळ्यांसमोर देतो: सर, प्रूफ मीच वाचलं होतं.