खारभात (कोकण व गोवा)

भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खारजमिनीत होणारी भाताची पारंपरिक वाणे. रायगड-ठाणे किनाऱ्यावर राता आणि गोव्याच्या खाजणांत कोरगूट ही प्रमुख. केरळातील पोक्काळी याच वर्गातले.

लागवड : सुरुवातीच्या पावसाने धुऊन निघालेले मीठ ओहोटीच्या वेळी उघाडीतून (बांधातल्या पाणदारातून) बाहेर सोडतात आणि मोड आलेले बी चिखलावर फोकतात; याला रहू पद्धत म्हणतात. खार सर्वाधिक बाधतो तो रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात. पाऊस लांबला की मीठ जमिनीतच राहते. मध्येच मोठी उघडीप पडली की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते. पावसाची वाढती अनियमितता आणि चढती समुद्रपातळी या पिकाच्या नेमक्या याच नाजूक काळावर घाला घालतात.

अनुवंश : मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (खारटपणाचे माप) मीटरला सुमारे ३ डेसीसायमनपलीकडे गेली की सामान्य भाताचे उत्पन्न घटू लागते. पोक्काळीतील खार सहन करण्यास मदत करणारा ‘साल्टॉल’ हा गुणसूत्रखंड पहिल्या गुणसूत्रावर आहे. त्याच भागातील एसकेसी-१ हे जनुक २००५ मध्ये नोना बोक्रा या वाणातून ओळखले गेले. मुळांकडून वर जाणाऱ्या रसातले सोडियम ते काढून घेते, त्यामुळे पानांत कमी मीठ पोचते. साल्टॉलचा लाभ मुख्यतः रोपावस्थेत मिळतो. फुलोऱ्यातील सहनशक्ती बऱ्याच अंशी वेगळ्या जनुकांवर अवलंबून असते. एका जनुकाच्या भरवशावर खारजमीन पिकवता येणार नाही, आणि म्हणूनच ही जुनी वाणे मोलाची आहेत.

निवड व संकर : रात्यातून भुरा राता ४-१० आणि काला राता १-२४ हे वाण निवडले गेले. भुरा राता ४-१० व आयआर-८ यांच्या संकरातून पनवेल-१ तयार झाला. गोवा धान-१ व गोवा धान-२ कोरगुटातून निवडलेले. अशा निवडीत एकाच ओळीचे (एका रोपाच्या संततीचे) बी वाढवले जाते; शेतकऱ्याच्या मिश्र बियाण्यातील बाकीच्या ओळी मागे पडतात. ही हानी उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाही, पण पुढच्या पैदासकाराला ती जाणवेल.

बांध : खारजमिनी राखणाऱ्या बांधांसाठी आधी मुंबई खारजमीन कायदा, १९४८ होता, पुढे महाराष्ट्राचा १९७९ चा कायदा आला.

जतन : दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत दीर्घकालीन साठ्यातले बी उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात. तिथे ते टिकते. बदलत्या खाराशी जुळवून घेण्याची संधी मात्र त्याला पिकत्या शेतातच मिळते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, तसेच बी राखता, बदलता आणि ब्रँडचे नाव न लावता विकता येते.